अंकुशच्या डोक्यातला चुना

माणसाला झोप येत नाही ही काय सांगण्यासारखी गोष्ट झाली? गावात अर्ध्या लोकांना येत नाही. कोणाला मच्छरांमुळे, कोणाला सुनेमुळे, कोणाला हातातल्या मोबाइलमुळे. पण अंकुश नंदेश्वरची झोप उडाली तेव्हा ती त्याच्या एकट्याच्या घरची भानगड राहिली नाही, कारण तो ज्या खुर्चीत बसायचा त्या खुर्चीतल्या माणसाची डुलकी दुसऱ्यांच्या जिवावर बेतते.

भंडारा जिल्ह्यात, नाकाडोंगरीच्या पलीकडे जंगलाच्या कडेनं मँगनीजच्या खाणी आहेत. त्यातल्या एका खाणीत माणसांना जमिनीखाली सोडणारा आणि वर काढणारा पिंजरा अंकुशच्या हातात होता. पिंजरा म्हणजे लोखंडी डबाच, आठ-दहा माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतील एवढा, पोलादी दोराला टांगलेला. दोर गुंडाळणारं भलंमोठं यंत्र वर एका खोलीत, आणि यंत्रासमोरच्या खुर्चीत अंकुश. एका हाताखाली ब्रेक, दुसऱ्या हाताखाली दांडा. खुर्चीतून त्याला ना पिंजरा दिसे, ना माणसं. समोर एक मोठी तबकडी, तिच्यावर सरकणारा काटा, आणि कानावर घंटी. तीन घंट्या म्हणजे आत माणसं आहेत. मग दोन म्हणजे खाली सोड. चालत्या पिंजऱ्याला एक घंटी म्हणजे थांब. एवढ्या भांडवलावर तो रोज शे-दीडशे माणसं पाताळात उतरवायचा आणि जिवंत परत आणायचा. उतरवायचा तेही असा, की तळाला टेकल्याचं आतल्या माणसाला कळत नसे. नवीन पोरं विचारायची, "आलं का खाली?" आणि जुनी माणसं हसायची.

या कौतुकाची अंकुशला सवय झाली होती. वरून तो काही दाखवत नसे, पण सवय झाली होती, आणि तिथंच सगळं अडलं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी फक्त चहाच्या वेळी. कप उचलला की बशीवर किटकिट वाजे. त्याची बायको रत्नमाला विचारायची, "चाय गरम आहे का?" तो म्हणायचा, "हो, गरम आहे." पुढं पुढं थंडगार झालेल्या चहालाही तो गरम म्हणू लागला, तेव्हा तिनं विचारणं सोडून दिलं. सकाळी बुद्धवंदनेला बसला की जोडलेली बोटं एकमेकांवर आपटत. दांड्यावर हात ठेवला की मात्र थरथर दाबून धरता येई. दाबून धरावी लागते हेच त्याला खाऊ लागलं.

त्याच्या बापाचं असंच झालं होतं. म्हातारपणी लोक त्याला पंगतीत पाणी वाढू देत नसत. "बसा बाप्पा तुमी, पोट्टे वाढतेत," म्हणत आणि हातातली बालटी काढून घेत. बाप हसून बाजूला व्हायचा. ते हसणं अंकुशनं पाहिलं होतं. आपल्या हातातून लोक दांडा असाच काढून घेतील, तेही हसत हसत, आणि आपल्यालाही हसावं लागेल, ही कल्पना त्याला सहन होत नव्हती. शरम फार वाईट चीज आहे. शहाण्यासुरत्या माणसाला ती चोर बनवते.

मग अंकुश चोरासारखाच वागला. भंडाऱ्याला नाही, तुमसरलाही नाही, तो थेट राज्याची हद्द ओलांडून बालाघाटला एका डॉक्टरकडे गेला. तिकडं त्याला ओळखणारं कुत्रंही नव्हतं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं हात पुढं करायला लावले, कागदावर गोल काढायला लावला आणि सांगितलं, की हे घराण्यात चालत आलेलं आहे, यानं जीव जात नाही. एक बारीक गोळी दिली, सकाळी एक, संध्याकाळी एक. झोपेचा त्रास झाला तर परत या, असंही बजावलं. "काम क्या करते हो?" त्यानं विचारलं.

"खेती," अंकुश म्हणाला, आणि परतीच्या वाटेला लागला.

गोळीनं काम केलं. हात असा थांबला, जणू कोणी वरून दगड ठेवला. चहाचा कप वाजेना. अंकुशला वाटलं, जिंकलो.

पुढल्या काही आठवड्यांत त्याची झोप गेली. एकदम नाही गेली. उधारीवर जाणाऱ्या धान्यासारखी आज थोडी, उद्या थोडी करत सरकली. अंथरुणावर पडलं की अंग थकलेलं आणि डोकं लख्ख जागं, घरात सगळे दिवे लावून ठेवावेत तसं. पहाटेकडे डोळा लागलाच तर स्वप्न पडे. दोर सुटत चाललाय, यंत्रावरचा शेवटचा वेढाही निघालाय आणि घंटी वाजतेय, तीन, तीन, तीन. तो दचकून उठे आणि सकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखा खाणीवर जाई.

झोप नाही म्हणून हात पुन्हा थरथरू लागला. हात थरथरतो म्हणून अंकुशनं आपल्याच मनानं एक गोळी वाढवली. गोळी वाढली तशी झोप आणखी लांब पळाली. मग आणखी एक वाढवली. आपण घाण्याच्या बैलासारखे गोल फिरतोय हे त्याला कळत नव्हतं. त्याला वाटे, गोळी आहे म्हणून तरी आपण उभे आहोत.

रत्नमालाला गोळीचं काहीच ठाऊक नव्हतं. तिला दिसत होते ते नवऱ्याचे खोल गेलेले डोळे. दोनदा त्याला जेवता जेवता पेंग आली, घास हातात तसाच. तिनं एक दिवस पिशवी भरली आणि त्याला भंडाऱ्याला मोठ्या दवाखान्यात नेलंच. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "कोणती गोळी वगैरे चालू आहे का?"

"कोनतीच नाही," अंकुश म्हणाला. बायको शेजारी बसली होती.

डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन काढायला लावला. सगळं ठीक निघालं. फक्त मेंदूच्या मधोमध पिनियल नावाची एक बारीक ग्रंथी असते, तिच्यात कॅल्शियम जमलेलं दिसतं, वयाप्रमाणे पुष्कळांना होतं, घाबरायचं काही कारण नाही, असं त्यांनी सांगितलं. बाहेर रांग लागली होती. रत्नमालानं उठता उठता विचारलं, "साहेब, कॅल्शियम म्हणजे का जी?"

"चुन्याचाच प्रकार समजा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्याला आत घेतलं.

आता सांगा, ज्या जिल्ह्यात माणूस भाकरीवाचून एक वेळ राहील पण खर्र्यावाचून, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या घोटलेल्या मिश्रणावाचून, राहणार नाही, तिथं असं बोलावं का? अंकुश मिसरूड फुटल्यापासून चुना आणि तंबाखू तळहातावर मळत आला होता. तुमसरपर्यंतच्या बसमध्ये दोघं नवरा-बायको एक शब्द बोलले नाहीत. दोघांनाही आरपार समजलं होतं. इतक्या वर्षांचा चुना ओठातून वर चढत चढत डोक्यात गेला, आणि झोपेच्या जागेवर त्याचा थर बसला.

खरं तर अंकुशला या निदानानं आतून थोडं बरंच वाटलं. चुन्यावर दोष गेला की गोळी दोषातून सुटली. माणसाचं मन किती लबाड असतं पाहा.

त्याच दिवशी तंबाखू बंद. शेजारच्या आनंदाबाईंनी उपायही सांगितला. पाण्याच्या गुंडाला, म्हणजे हंड्याला, आतून पांढरा थर चढतो तो कशानं जातो? चिंचेनं. मग डोक्यातला का जाणार नाही? "आंबट पाजत जा वो त्याले," त्या रत्नमालाला म्हणाल्या. "निंगते का नाही पाह्य." मग सकाळी चिंचेचं पाणी, दुपारी अंबाडीच्या फुलांचं सरबत, संध्याकाळी वरणात पिळलेली दोन लिंबं. अंकुशचे दात आंबले, छातीत जळजळायला लागलं, आणि उरलीसुरली झोपही त्या जळजळीनं नेली. गावात बातमी पसरली की नंदेश्वराच्या डोक्शात चुना भरला. चौकातल्या खर्र्याच्या टपरीवर दोन-चार दिवस गिऱ्हाईक घटलं. मग सगळे परत आले.

आणि रोज सकाळी पिंजरा उतरतच होता. अंकुश काट्याकडे असा बघायचा की डोळ्यांतून पाणी यायचं. दाताखाली जीभ दाबायचा, मांडीला चिमटे काढायचा. एकदा त्याला आठवेचना, की तीन घंट्या आत्ता वाजल्या की मघाशी. त्यानं हात आवरला, परत घंटी मागितली. पिंजऱ्यापाशी घंटी देणारा माणूस ओरडला, "का भाऊ, बहिरा झाला का?" सगळे हसले. अंकुशही हसला. पाठीवरून घामाची धार गेली होती ती कोणाला दिसली नाही.

उलगडा झाला तो रत्नमालाच्या रागामुळे. घरात चुना नावालाही ठेवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. खुंटीवरच्या पँटच्या खिशात तिला नवऱ्याची डबी सापडली, दोन तोंडांची, एकीकडे चुना, दुसरीकडे तंबाखू ठेवायची. ती डबी फेकायला ती शेताजवळच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, गेली. फेकण्यासाठी हात उचलला आणि डबी खुळखुळली. तंबाखू काही खुळखुळत नाही. तिनं टोपण उघडलं. आत पांढऱ्या बारीक गोळ्या, पाकिटातून काढून भरलेल्या. तंबाखू सुटल्यापासून ती बाजू रिकामीच होती ना, अंकुशनं लपवायला तीच जागा निवडली.

रत्नमाला बोडीच्या काठावर मटकन बसली. झोप नाही, बोलणं नाही, जेवणावर लक्ष नाही, आणि खिशात लपवलेल्या गोळ्या. तिच्या मनात जे आलं ते कोणाच्याही बायकोच्या मनात आलं असतं. ती पळत घरी आली. अंकुश पाळी संपवून येऊन नुकताच हातपाय धूत होता. तिनं मूठ त्याच्यासमोर उघडली.

"जहर होय का?" ती म्हणाली. "खरं सांगा मले. माही शपथ आहे."

अंकुशला हसू आलं आणि ते हसू मध्येच फुटून तो रडायला लागला. ओसरीवर बसून त्यानं सगळं सांगितलं. हात, बाप, बालाघाट, दोनाच्या तीन आणि तीनाच्या चार झालेल्या गोळ्या. ती ऐकत राहिली.

"म्हणजे तो चाय गरम नोहता?" ती शेवटी म्हणाली. "मी आंधळी आहे का? मले वाटे, पीत असन कुठं लपून. मी तुमच्या तोंडाचा वास घेत होती रोज."

मग तिनं गोळ्या पदराला बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला तुमसरला घेऊन गेली. तिथं डॉक्टर तृप्ती म्हणून एक बाई होत्या, मेंदूच्या आजारांच्या, इकडच्याच असल्यानं इकडचं बोलणं त्यांना कळायचं. रत्नमालानं पदर सोडून गोळ्या टेबलावर ठेवल्या. "हे खाते. आन त्यायच्या डोक्शात चुना आहे."

डॉक्टरांनी आधी गोळ्या पाहिल्या, मग स्कॅन उजेडाला धरला. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "हा चुना असू द्या," त्या म्हणाल्या. "तंबाखूचा चुना डोक्यात जात नाही. तंबाखू सोडली ते चांगलंच केलं, पण कारण ते नव्हे. झोप नेली ती या गोळीनं."

"ह्या गोळीनं त हात थांबते जी," अंकुश म्हणाला.

"म्हणूनच." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "तुम्ही एस.टी.नं आलात ना? तुमसरच्या स्टँडवर गर्दी असली की लोक काय करतात? खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात. मग कोणी चढलं तरी बसू शकत नाही. सीट दिसते रिकामी, पण धरलेली असते. तुमच्या डोक्यात, मधोमध, धानाच्या दाण्याएवढी ही ग्रंथी आहे. तिच्यावर अशा बारीक बारीक सीटा आहेत. दिवस मावळला, अंधार पडला, की डोळ्यांकडून खबर निघते. मानेपर्यंत खाली जाते, परत वर चढते, आणि शेवटच्या नसेतून एक रस झिरपतो. नॉरअॅड्रिनॅलिन म्हणतात त्याला. तो रस त्या सीटांवर जाऊन बसला, नेमका बसला, की ग्रंथीला कळतं, रात्र झाली. मग ती मेलाटोनिन तयार करून रक्तात सोडते. ते सगळ्या अंगाला सांगत फिरतं, की झाली रात्र, आता निजा."

"आन नाही बसला त?"

"तर ग्रंथीला रात्र झाल्याचं कळत नाही. बाहेर काळोख, गाव निजलंय, आणि तुमच्या आत कोणी सांगणारंच नाही. ही गोळी त्या सीटांवर रुमाल टाकते. रस येतो, दारात उभा राहतो, जागा मिळत नाही, परत जातो. एक-दोन रुमालांनी निभावलं असतं. पुष्कळांना काही होतही नाही. तुम्ही तर अख्खी गाडी धरून ठेवली."

अंकुश आपल्या हाताकडे बघत होता. "हाताले कशी काय मंग चालते हे?"

"हातात पण त्याच जातीच्या सीटा आहेत. तिथं रस बसला की थरथर वाढते. गोळी तिथंही रुमाल टाकते, म्हणून हात थांबतो."

"मंग मॅडम," त्यानं फार आशेनं विचारलं, "हातावरच्या सीटा धरन आन डोक्शातल्या सोडन, असं नाही सांगता येत का तिले?"

"तिला हाताची सीट आणि डोक्यातली सीट यातला फरक कळत नाही, अंकुशभाऊ. कळला असता तर मीही सुखी झाले असते. दुसरी औषधं आहेत, पाहू आपण. पण तुमचा हात पूर्वीसारखा होईल असं वचन मी देणार नाही. ही गोळी हळूहळू कमी करायची, एकदम सोडायची नाही, छाती धडधडेल. झोप परत येईल, वेळ लागेल." त्यांनी लिहायला पेन उचललं. "काम काय करता?"

अंकुशचं तोंड उघडलं. "खे..." एवढंच निघालं.

"पिंजरा चालवते," रत्नमाला म्हणाली. "खदानीतला. मानसं उतरवते खाली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "उद्यापासून नाही," त्या म्हणाल्या. "झोप येईपर्यंत नाही, आणि हाताचं मी तपासल्याशिवाय नाही. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणते ते?"

कळत होतं. त्याच्याइतकं कोणाला कळणार? झोप हवी असेल तर थरथर घ्यायची, हात हवा असेल तर झोप द्यायची, आणि दोन्हींपैकी काहीही गेलं तरी खुर्ची जाते. घरी येईपर्यंत तो हाच हिशोब उलटसुलट करत होता, आणि उत्तर बदलत नव्हतं.

सकाळी तो डबा घेऊन निघाला तेव्हा रत्नमाला दारात आडवी उभी राहिली. "कायले चालले?"

"साहेबाले सांगाले. त्याच्या तोंडासमोर सांगाले पाह्यजे ना. फोनवर सांगू का?"

"खरंच सांगान?"

"सांगतो वो."

त्याच्या मनात खरंच सांगायचं होतं. पण फाटकापाशी दहा जणांनी "जयभीम, अंकुशभाऊ" केलं. इंजिनियर साहेब कोणाशी तरी फोनवर बोलत होते आणि त्यांनी हातानंच 'नंतर' अशी खूण केली. भोंगा वाजला. खुर्ची रिकामी होती. साहेबांचा फोन होईपर्यंत, एवढंच स्वतःला सांगत अंकुश तिच्यात बसला. माणसं अशीच बुडतात. कोणी ठरवून बुडत नाही.

तीन घंट्या. त्यानं तीननं उत्तर दिलं. मग दोन. त्यानं ब्रेक सोडला, दांडा पुढं केला. दोर सुटू लागला, काटा सरकू लागला. काल रात्री त्यानं एकच गोळी घेतली होती, त्यामुळे हात दांड्यावर नाचत होता आणि झोप तर आलीच नव्हती. काटा सरकत होता. काटा सरकत होता.

आणि मग काटा पुढं होता. मधलं काही नव्हतं. आत्ता तो तबकडीच्या वरच्या बाजूला होता आणि आता अर्ध्याच्या खाली, आणि मधला तेवढा दोर कसा सुटला हे अंकुशला ठाऊक नव्हतं. कोणी तरी त्याच्या आयुष्यातून तेवढा तुकडा कापून नेला होता. त्यानं ब्रेक आवळला. यंत्र कुरकुरून थांबलं.

काट्याप्रमाणे पिंजरा अजून अधांतरी होता, तळापासून बराच वर. दांडा पुढं केला की दोन मिनिटांत माणसं सुखरूप उतरली असती. पण काटा आपल्याला खरंच दिसतोय तोच आहे का, याचीच त्याला खात्री राहिली नव्हती. डोळ्यांचा भरवसा गेला की खुर्चीतल्या माणसाकडे उरतं काय? घंटी वाजली. परत वाजली. काहून थांबला, असं खालून विचारत होते. हात दांड्याकडे गेला. त्यानं तो मागं घेतला. ब्रेकची कडी लावली, उठून उभा राहिला आणि दारातून ओरडला, "घनश्यामले बोलवा! लवकर बोलवा!"

घनश्याम म्हणजे दुसऱ्या पाळीचा चालक, अंकुशच्याच हाताखाली शिकलेला. तो योगायोगानं पगाराच्या कामासाठी ऑफिसात आला होता. धावत आला. अंकुशचा चेहरा बघून त्याला बाकीचं समजलं असावं. साहेबही मागून येताना दिसले. घनश्याम पटकन जवळ सरकला आणि कुजबुजला, "ब्रेक गरम झाला सांगा भाऊ. मी पाहून घेतो. कोनाले का समजते?"

कोणाला समजणार होतं? कोणालाही नाही. अंकुश एक सेकंद त्या वाक्याकडे बघत राहिला, तहानलेला माणूस पाण्याकडे बघतो तसा.

"ब्रेक ठीक आहे, साहेब," तो मोठ्यानं म्हणाला. "मले झोप लागली. पिंजरा चालू असताना. मानसं आत आहेत." त्यानं उजवा हात पुढं केला आणि त्याला हवा तसा थरथरू दिला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं तो दाबून धरला नाही. "हे पाहा. दोन सालापासून असं आहे. मी गोळी खात होतो आन लपवत होतो. घनश्यामले बसवा. मले नोका बसवू."

घनश्यामनं माणसं अलगद वर काढली. पिंजऱ्याचं दार उघडलं तेव्हा एकजण शिव्या देत बाहेर आला, एकजण पाणी मागत होता. अंकुश भिंतीला टेकून उभा होता. त्याला त्यांच्याकडे जायची हिंमत झाली नाही.

पुढं चौकशी झाली, जबाब झाले, ते सगळं झालं. डॉक्टर तृप्तींनी गोळी हळूहळू उतरवली, दुसरं औषध सुरू केलं. तीनेक आठवड्यांनी एका सकाळी अंकुश इतका गाढ निजला होता की रत्नमालानं घाबरून त्याच्या नाकासमोर बोटं धरली. श्वास चालू होता. ती तिथंच भुईवर बसून राहिली, उठवलं नाही. डोक्यातला चुना होता तिथंच होता आणि त्याचं कोणालाच काही वाटत नव्हतं.

हात मात्र पूर्वीसारखा झाला नाही. खाणीनं त्याला दिव्यांच्या खोलीत टाकलं. खाली जाणाऱ्या माणसांना टोपीचे दिवे द्यायचे, वर आलेल्यांचे घेऊन चार्जिंगला लावायचे. पहिले काही दिवस तो खिडकीतून दिवा देताना मान वर करत नसे. दिवा त्याच्या हातात हले आणि खिडकीच्या लोखंडावर वाजे. कोणी हसलं नाही. हसले असते तर त्याला सोपं गेलं असतं. बापासारखं हसून बाजूला होता आलं असतं.

एका सकाळी परसराम रांगेत आला. खाणीत दगडाला भोकं पाडणारा जुना माणूस, वर्षभरात निवृत्त होणारा. अंकुशला डुलकी लागली त्या दिवशी तो पिंजऱ्यात होता. अंकुशला ते माहीत होतं, म्हणून त्यानं दिवा पुढं केला आणि नजर दुसरीकडं वळवली.

परसरामनं दिवा घेतला नाही. "अंकुशभाऊ, एक सांगू का?" तो म्हणाला. "मी जवानीपासून भेकड आहो. पिंजरा सुटला का मी डोळे मिटतो, खाली टेकल्यावरच उघडतो. कोनाले सांगतलं नाही आजपर्यंत. फक्त तुही ड्यूटी असली का उघडे ठेवत होतो."

अंकुशनं दिवा तसाच पुढं धरला होता. तो म्हणाला, "मी निजलो होतो परसरामभाऊ. तुमी आत होते आन मी निजलो होतो."

"मालूम आहे. सगळ्यायले मालूम आहे." परसरामनं दिवा त्याच्या हातातून हळूच सोडवून घेतला आणि टोपीत अडकवला. "तवाबी उघडेच होते माहे डोळे. अंधारात लटकलो होतो, पोट्टे रडून राहिले होते, मी म्हटलं, अंकुशभाऊ आहे वर, थांबवला असन त काही पाहूनच थांबवला असन."

मागची माणसं खोळंबली होती. कोणी तरी "चाला ना बुवा" म्हणालं.

"आन आता?" अंकुशनं विचारलं.

"आता घनश्याम आहे. चांगला पोट्टा आहे, तूच शिकवला." परसराम वळला, पिंजऱ्याकडे दोन पावलं गेला आणि मागं न बघता म्हणाला, "मिटतो आता."